अनुभव धागा : मन पुन्हा उघडायला लावणारं गाणं

टिळकवाडीची
सुपारी फुटल्यावर माझं लग्न मोडलं. पुढची दोन वर्षं घरात प्रेमाचं गाणं लागलं की मी उठून आत भांडी घासायला जायचे. मग एकदा कॅम्पात रिक्षात एक गाणं लागलं. त्यातला माणूस रडत नव्हता, 'परत ये'ही म्हणत नव्हता. दार अजून किती दिवस लावून बसणार, एवढंच विचारत होता. घर आलं तरी उतरले नाही. म्हटलं, मामा, गाणं तेवढं संपू दे.
तुमचंही असं एखादं असणार. सल्ले नकोत. कुठं ऐकलंत, पुढं काय झालं, ते लिहा.

निपाणीकर
बायको गेली तेव्हा मी एकेचाळीसचा, तंबाखूच्या वखारीत हिशेबाला. 'ऋणानुबंधाच्या' हे तिचं आवडतं. 'देव दीनाघरी धावला' नाटकातलं, कुमार गंधर्व आणि वाणी जयराम यांनी गायलेलं. ती कॅसेट मी कपाटात वर टाकून दिलेली.
थोरला मेव्हणा, म्हणजे तिचाच भाऊ, एकदा राहायला आला आणि त्यानं ती खाली काढली. म्हणाला, "हा आपल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला माणूस. टीबीनं एक फुप्फुस निकामी झालं, काही वर्षं गाणं बंद. १९६१ ला भानुमतीबाई गेल्या. तरी पुढं वसुंधराबाईंशी संसार मांडला की नाही? गायला की नाही?" मी गप्प. टेप सैल पडून आत अडकलेली, ती पेन्सिल घालून गुंडाळत बसला बिचारा. पुढं मुलगी बघायला जाताना बरोबर तोच होता.

खानापूरची
माझं कन्नड गाणं आहे, चालेल ना? धारवाडला शिकायला होते, ब्रेकअप ताजा. रूममेट रोज रात्री एकच गाणं लावायची. मला त्यातला एकच शब्द कळायचा, 'मत्ते'. म्हणजे 'पुन्हा'. बाकीचं तिला विचारून विचारून वहीत देवनागरीत उतरवलं. कन्नड आलं ते असं! नवरा हुबळीचा आहे, एवढ्यावर ओळखा.

एक बेळगावकर
गाण्यानं काय होत नाही हो. तीन महिने मला जेवण जात नव्हतं. दोस्तानं अर्धा किलो कुंदा आणून पुढ्यात ठेवला, तो संपला तेव्हा जरा माणसात आलो. गाणी नंतर.

खानापूरची
कुंद्याला अनुमोदन.

वडगाव, मागवाली
आमच्यात साड्यांचे माग. माग चालू असला की कानात दुसरं काही शिरत नाही, नुसतं खट्टाक-खट्टाक. करंट गेला की सगळी गल्ली एकदम गप्प होते, मग पलीकडच्या घरातली फोडणीसुद्धा ऐकू येते.
नवरा सोडून गेल्याला चार वर्षं झालेली. शेजारच्या मागावर एकजण नवीन आलेला, करंट गेला की गुणगुणायचा. दरवेळी तेच जुनं गाणं, आणि दुसऱ्या कडव्याला अडकायचा. येतच नव्हतं त्याला. महिनाभर ऐकून माझंच डोकं उठलं. एक दिवस तुटलेला धागा जोडता जोडता, मान वर न करता, ते कडवं मीच पुरं केलं.
तो म्हणाला, "अक्का, परत एकदा म्हणा की."
म्हटलं, "अक्का म्हणू नका."
तेवढ्यात करंट आला.