एसएमएसनं एपीएन सेटिंग पाठवायचं बंद झालंय का?

करवीर_आयटी: मंडळी, आमच्या कारखान्याच्या शेती खात्यात चिटबॉयसाठी (शिवारात फिरून उसाची नोंद घेणारी पोरं) ६० अँड्रॉइड फोन आलेत, सिम प्रायव्हेट एपीएनचं (एपीएन म्हणजे फोननं कुठल्या वाटेनं नेटला जोडायचं ते नाव), ते नाव हातानं घातल्याशिवाय नेट चालू होत नाही. पोरं राधानगरी, भुदरगड, पन्हाळा अशी विखुरलेली, निम्मे फोन वाटून पण झाले. पूर्वी नोकियाच्या जमान्यात सेटिंगचा मेसेज यायचा, सेव्ह दाबलं की झालं, तसंच एकगठ्ठा एसएमएस पाठवायच्या गेटवेवरनं पाठवून बघितलं तर दोन जुन्या सॅमसंगवर दिसलं, बाकी सगळीकडं शुकशुकाट. गेटवे म्हणतोय डिलिव्हर्ड. हंगाम तोंडावर आलाय, साहेब रोज विचारायलेत, काय चुकतंय?

तांबडा_पांढरा: चुकलं काय नाही भावा. ह्याला ओएमए क्लायंट प्रोव्हिजनिंग म्हणतात, साधा मजकूर नसतोय, बायनरी एसएमएस २९४८ पोर्टवर जातोय आणि तो उचलायला फोनमध्ये वेगळं सॉफ्टवेअर लागतंय. गूगलच्या मूळ अँड्रॉइडमध्ये ते नाही, काही कंपन्यांनी आपलं आपलं घातलेलं. उचलणारंच कोण नसलं की फोन मेसेज गपगुमान टाकून देतोय. वर एका एसएमएसला १४० बाइट, सेटिंगचे दोन-तीन तुकडे होतात, एक तुकडा दाजीपूरच्या जंगलात अडकला तर बाकीचे आले काय नि नाही काय.

राजारामपुरी_मोबाईल: दुकानात सेटिंगसाठी गिऱ्हाईक येऊन वर्षं झाली. आता एपीएनची यादी फोनमध्येच असते, सिमचा कोड बघून (आपल्याकडं ४०४ नाहीतर ४०५ नं सुरू होणारा) फोन आपणच जुळवून घेतो. तुमचं प्रायव्हेट नाव त्या यादीत कुठनं असणार!

करवीर_आयटी: गेटवेवर यूजरपिन आणि नेटडब्ल्यूपिन असं पण विचारत होतं, ते काय?

तांबडा_पांढरा: मेसेज खरा का खोटा ते तपासायची किल्ली. नेटडब्ल्यूपिन सिमच्या आयएमएसआयवरनं (सिमचा आतला ओळख नंबर), यूजरपिन म्हणजे आपण ठरवून पोराला फोनवर सांगायचा आकडा. पण २०१९ मध्ये चेक पॉइंट ह्या सायबर सुरक्षा कंपनीच्या लोकांनी दाखवलं की सॅमसंगवर असला मेसेज कसल्याच किल्लीशिवाय चालतोय, कुणीपण आपला प्रॉक्सी (मधला सर्व्हर) घुसवावा आणि तुमचं नेट त्याच्या दारातनं जावं. नंतर दुरुस्ती आली म्हणा. तरी पोरांना ‘आलेलं सेटिंग सेव्ह करा’ ही सवय लावूच नका.

शाहूपुरी_अॅडमिन: एमडीएम घ्या, म्हणजे सगळे फोन एका जागेवरनं सांभाळायचं सॉफ्टवेअर. फोन फॅक्टरी रिसेट, पहिल्या स्वागताच्या स्क्रीनवर एकाच जागी सहा वेळा टॅप, एमडीएमचा क्यूआर स्कॅन, फोन तुमच्या ताब्यात. अँड्रॉइड ९ पासनं अशा फोनवर एपीएन वरनं घालता येतो, फक्त तुमच्या एमडीएममध्ये ती सोय आहे का आधी विचारा. आणि हे सगळं ऑफिसच्या वायफायवर, वाटायच्या आधी, कारण एपीएन नाही तर नेट नाही आणि नेट नाही तर एमडीएम त्या फोनपर्यंत पोचणार कसं?

करवीर_आयटी: न वाटलेल्यांचं जमलं मग. वाटलेल्या २८ चं?

राजारामपुरी_मोबाईल: हातानंच. स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर टाका.

करवीर_आयटी: नेटच नाही तर व्हॉट्सअ‍ॅप कुठनं 😅

राजारामपुरी_मोबाईल: स्वतःच्या फोनवर बघतील की मर्दा! आणि एक ठळक लिहा, सगळं भरून झालं की वरची तीन टिंबं दाबून सेव्ह करायचं, नुसतं मागं आलं की काही फोनवर भरलेलं सगळं जातंय. दहातली आठ माणसं तिथंच गंडतात.