मदत हवी आहे: टेक्ससमध्ये मेडिकल कॅनाबिस (औषधी गांजा) आणि ग्रीन कार्ड

आम्ही डॅलसजवळ राहतो, बायकोला एमएस (मल्टिपल स्क्लेरॉसिस, मज्जासंस्थेचा आजार) आहे, रात्री पाय इतके आखडतात की बिचारीला झोपच नाही. स्नायू सैल करणारी औषधं, बॅक्लोफेन झालं, टिझॅनिडिन झालं, दोन्हीने दिवसभर गुंगी. इथल्या कम्पॅशनेट यूज प्रोग्रॅममध्ये (राज्याची मेडिकल कॅनाबिसची योजना) एमएस २०१९ पासून बसतं, आणि सप्टेंबर २०२५ पासून एका डोसला १० मिलिग्रॅम टीएचसीपर्यंत (गांजातला नशा आणणारा घटक) चालतं. त्यासाठी वेगळं मेडिकल कार्ड वगैरे नसतं, डॉक्टरच राज्याच्या रजिस्ट्रीत प्रिस्क्रिप्शन टाकतात. आमच्या न्यूरॉलॉजिस्ट त्यात रजिस्टर्ड नाहीत, पण व्हिडिओ कॉलवर बघणारे एक डॉक्टर मिळालेत, म्हणजे तो प्रश्न सुटलाय.

अडलंय ते असं की ती ग्रीन कार्डवर आहे आणि पुढच्या वर्षी सिटिझनशिपचा फॉर्म भरायचाय, आणि यूएससीआयएसने (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) २०१९ मध्येच स्पष्ट केलंय की राज्यात कायदेशीर असलं तरी 'गुड मॉरल कॅरॅक्टर'ला (सिटिझनशिपसाठी लागणारी चांगल्या वर्तनाची अट) अडचण येऊ शकते. वकिलाशी बोलणार आहोतच. कोलोरॅडोहून आणा असं प्लीज सुचवू नका, तिथे कायदेशीर असलं तरी राज्याची हद्द ओलांडून आणणं सरळ गुन्हा आहे.

कुणी ग्रीन कार्डवर असताना हे औषध सुरू केलंय का, इंटरव्ह्यूत ड्रग्जचा प्रश्न आला तेव्हा प्रिस्क्रिप्शन दाखवलं का, की सिटिझनशिप होईपर्यंत थांबलात?