घरच्या शेडमध्ये ड्रॅगची गाडी बनवतोय, एस्टीम घेतलीय. सुरुवात कुठून करू?

नीलमनगरवाला

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथवर आहे. घरामागं आमची मागाची जुनी शेड आहे. वडिलांनी माग विकले, तेव्हापासून तिथं रिकाम्या बॉबिनची पोती आणि आईची शेंगा चटणी कुटायची उखळ, एवढंच. आता उखळीशेजारी एक सोळा व्हॉल्व्हची एस्टीम उभी केलीय. आरसीची मुदत संपलेली, एका बाजूचा सिल (दाराखालची पत्र्याची पट्टी) गंजलेला, पण इंजिन चालू. आईनं दोन दिवस अबोला धरला, तिसऱ्या दिवशी विचारलं, "ही गाडी धुवायची तरी का?"

डोक्यात 402 मीटरची ड्रॅग आहे, म्हणजे जागेवरून सुटून सरळ रेषेत धावायची शर्यत. बारा सेकंदांत काढायची. माझा प्लॅन असा: फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारी जड चकती) लेथवर उतरवून हलकं करायचं (ते मी स्वतः करीन), हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचं, फ्री फ्लो एक्झॉस्ट. डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणारा गिअर) वेल्ड करून टाकायचं. रोल केजसाठी, म्हणजे गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणाऱ्या पाइपांच्या सांगाड्यासाठी, मामाकडं दोन इंची जीआय पाइप पडून आहे, फुकट. शेडमध्ये सिंगल फेज आहे, इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आहे, ग्राइंडर आहे. खर्चाला आत्ता दोनेक लाख. ट्रायल रात्री बारानंतर बायपासला, तेव्हा रस्ता मोकळा असतो.

काही राहिलं असेल तर सांगा.

कोल्हापुरी पाना

भावा, नादखुळा! पण एस्टीम कशाला घेतलीस, पुढच्या चाकावर ओढणारी गाडी ड्रॅगला सुटतानाच हलकी पडते. घेतलीसच आहे तर जुन्या बलेनो सेडानचं 1.6 लिटरचं इंजिन टाक आणि वर छोटा टर्बो लाव. बारा काय, अकरा पण निघतील.

टर्नर काका

मी जुळे सोलापूरला राहतो, लेथवरच आयुष्य गेलं. रॅली आणि ड्रॅगच्या गाड्यांच्या मागं पाना घेऊन बरीच वर्षं फिरलोय. म्हणून जरा सविस्तर लिहितो. रागावू नको बे.

आधी बारा सेकंदांचा हिशेब. मोटामोटी एक गणित सांगतो, मोबाइलवर जमतं. गाडी आणि तू मिळून वजन किलोत घे, त्याला बीएचपीनं (इंजिनाच्या ताकदीनं) भाग, घनमूळ काढ आणि 7.6 नं गुण. चांगला टायर आणि बरी सुरुवात धरून 402 मीटरचा वेळ साधारण तेवढा येतो. तुझी एस्टीम नवी असताना 85 बीएचपीची. तुझ्यासकट 950 किलो धर. उत्तर सतरा सेकंद. सगळं सोलून 830 वर आणलीस तर सव्वासोळा. पान्याच्या म्हणण्याप्रमाणं बलेनोचं 94 चं इंजिन टाकलंस तर पावणेसोळाच्या आसपास. आणि त्याच 830 किलोला बारा सेकंद हवे असतील तर दोनशे दहा बीएचपी लागतात. तुझ्या 1.3 लिटरच्या इंजिनातून हेड घासून दोनशे दहा निघत नसतात. टर्बोनं निघतीलही, पण मग पिस्टन, रॉड, क्लच, गिअरबॉक्स, एक्सल सगळंच बदलायचं. दोन लाख त्यातल्या निम्म्यालाही पुरायचे नाहीत.

म्हणून पहिल्या वर्षी सोळा सेकंद धर. हसू नको. जी गाडी प्रत्येक वेळी सोळालाच येते तिच्यावर शिकता येतं. एकदा साडेपंधरा, एकदा अठरा आणि तिसऱ्यांदा ट्रेलरवर, अशी गाडी काही शिकवत नाही.

आता फ्लायव्हील. लेथ हाताशी आहे म्हणून तुला ते पहिलं सुचलं, हे मला लगेच कळलं. लेथवाल्या प्रत्येकाला हेच सुचतं. पण लहान इंजिनाच्या ड्रॅग गाडीत सुटताना फ्लायव्हीलचं वजनच कामी येतं. इंजिन पाच हजार आरपीएमवर धरून क्लच सोडलास की चाकाला पहिला धक्का त्या फिरत्या वजनातून मिळतो. हलकं केलंस तर इंजिन जागेवर बसकण मारतं. दुसरं म्हणजे ते बिडाचं आहे. बोल्टच्या भोकांजवळ माल काढलास आणि सात हजारावर ते फुटलं, तर बेल हाउसिंग (त्यावरचं गिअरबॉक्सचं कवच) फाडून बाहेर येतं आणि वाटेत काय आलं ते बघत नाही. फेसिंग करून घे, बॅलन्स करून घे, वजनाला हात लावू नको.

ड्रॅग जिंकतात किंवा हरतात ती पहिल्या साठ फुटांत, म्हणजे सव्वाअठरा मीटरांत. तिथं दशांश सेकंद वाचवलास तर शेवटी त्याच्या दीडपट-दुप्पट वाचलेला दिसतो. पान्याचं एक म्हणणं खरं आहे, गाडी सुटली की वजन मागं जातं आणि ओढणारी पुढची चाकं हलकी होतात. त्यावर उपाय इंजिनात नाही. मागची स्प्रिंग कडक करून बूड बसू देऊ नको. मागच्या टायरांत हवा जास्त, पुढच्यांत कमी. वजन काढताना आधी मागचं काढ: सीट, स्टेपनी, कार्पेट, खालची डांबरी शीट. ती शीट हीट गन मारून पत्रीनं निघते, कंटाळवाणं काम आहे, लहान भावाला लाव. इंजिनचे माउंट रबराचे जुने असतील तर इंजिनच डुलतं, चाक जमिनीवर नाचतं आणि एक्सलचा जॉइंट तुटतो. म्हणून आधी माउंट, मग टायर, मग क्लच. पैसा उरला तर एक्झॉस्ट.

पण मागचं वजन काढल्यावर एक गंमत होते, ती कुणी सांगत नाही. रेषेपलीकडं तू एकशे तीसच्या आसपास असशील. तिथं ब्रेक दाबलास की हलक्या बुडाचे ड्रम पुढच्या डिस्कच्या आधी जाम होतात आणि गाडी गिरकी घेते. मागच्या ब्रेकचा जोर कमी करायची सोय हवी, फ्लुइड नवं हवं.

डिफरन्शियल वेल्ड करायचं डोक्यातून काढ. पुढून ओढणाऱ्या गाडीत ते केलंस तर स्टिअरिंग हातातून सुटायला बघतं आणि एका चाकाला पकड मिळाली की गाडी त्या बाजूला धाव घेते.

जीआय पाइपबद्दल स्नेहलताईंनी लिहावं, त्यांना कागद तोंडपाठ आहेत. मी एवढंच सांगतो, मामाला पाइप परत दे.

आणि बायपास. रात्री बारानंतर मोकळा असतो म्हणे! बारानंतर तिथं ऊस भरलेल्या, मागं दिवा नसलेल्या ट्रॉल्या असतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 189 रस्त्यावरच्या शर्यतीसाठीच आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाचं जाऊ दे. ट्रॉलीखाली गेलेली गाडी मी बघितलीय, पुढचं लिहीत नाही.

स्नेहल, पिंपरी

काकांनी ढकललंच आहे तर लिहिते. मी गाड्यांच्या बॉडीच्या डिझाइनमध्ये काम करते, आणि शर्यतीआधीच्या तपासणीत केजवरून परत पाठवलेल्या गाड्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

जीआय पाइप पाण्यासाठी असतो. त्याला शिवण असते, धडकेत तो शिवणीवर उघडतो. वर जस्ताचा थर असतो, वेल्डिंग करताना त्याचा पांढरा धूर छातीत जातो आणि रात्री थंडी वाजून ताप येतो. एफआयएच्या (मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या) नियमात केजसाठी थंड ओढलेला, बिनशिवणीचा कार्बन स्टीलचा पाइप आहे. ड्रायव्हरच्या मागची मुख्य कमान 45 मिलिमीटर व्यासाची आणि 2.5 जाडीची, किंवा 50 ची आणि 2 जाडीची. पाय जिथं टेकतात तिथं बॉडीला किमान 3 मिलिमीटर जाडीची, 120 चौरस सेंटिमीटरची प्लेट वेल्ड करायची आणि प्रत्येक पायाला किमान तीन बोल्ट, एम 8, ग्रेड 8.8. तुमचा सिल गंजलेला आहे म्हणालात. गंजक्या पत्र्यावर प्लेट म्हणजे कागदावर खिळा. आधी तो सिल कापून नवा पत्रा.

भारतात शर्यतींची मान्यता एफएमएससीआय (देशातल्या मोटर स्पोर्ट्स क्लबांचा महासंघ) देते. त्यांचं स्पर्धा लायसन्स काढावं लागतं, आणि कार्यक्रमाची नियमावली गाडी कापायच्या आधी वाचायची असते. तुमची गाडी कुठल्या गटात बसते त्यावर इंजिन बदलायची मुभा आहे का, हे ठरतं. केज टाकलेली, सोललेली गाडी रस्त्यावर चालवायची नाही, नोंदणीतल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल कलम 52 मध्ये अडकतो. ट्रॅकपर्यंत फ्लॅटबेडवर न्या.

आणखी एक, सोलापूरकरांसाठी खास. तुमचं गाव समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, आणि मे महिन्यात पारा 42 च्या पुढं. त्या हवेची घनता समुद्रकाठच्या 15 अंशांच्या हवेपेक्षा तेरा-चौदा टक्क्यांनी कमी असते. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही जवळपास तेवढीच घटते. तेव्हा मे मधल्या दुपारी गाडी मेल्यासारखी वाटली तर इंजिन उघडून बसू नका. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर पहाटे तीच गाडी वेगळी वाटेल. प्रत्येक फेरीच्या वेळेच्या कागदावर त्या वेळचं तापमान लिहून ठेवायची सवय लावा.

कोल्हापुरी पाना

टर्बोचा मुद्दा मागं घेत नाही, पण दोन लाखांत होत नाही हे मान्य. एक विचारतो काका, सुटताना लाल-हिरवा दिवा लागतो, तिथं उशीर झाला तर वेळ वाढतो ना?

टर्नर काका

नाही रे. घड्याळ गाडीचं चाक सुरुवातीच्या रेषेवरच्या प्रकाशकिरणातून सुटल्यावर चालू होतं. तू हिरव्यावर डुलकी काढलीस तरी तुझा 402 मीटरचा वेळ तोच, फक्त शेजारचा आधी पोचलेला असतो. म्हणून वेळेचा कागद आणि निकाल कधी कधी जुळत नाहीत आणि पोरं पंचांशी भांडतात.

नीलमनगरवाला

काका, ताई, मनापासून आभार. पाइप मामाच्या दारात टाकून आलो, मामा म्हणाला बरं झालं, बोअरला लागणारच होता. बायपासचं पण सोडलं. सोळा सेकंदांवर मित्रांनी खूप खेचली, चालायचं. गड्ड्याच्या जत्रेत मौत का कुआंमध्ये मारुती फिरताना बघितली तेव्हापासून हे वेड आहे, सोळाचं काय घेऊन बसलात म्हणालो.

दोन प्रश्न. एक, सुरुवातीचा सराव कुठं करू? दोन, शेडमध्ये शहाबादी फरशी आहे. काल जॅक लावला तर फरशीचा आवाज आला.

टर्नर काका

दुसरं आधी. ताबडतोब गाडी खाली घे. जुन्या शेडांत शहाबादी मुरमावर नुसती मांडलेली असते, खाली पोकळी असते. मागाचं वजन तिनं पेललं कारण माग वेगळ्या पायावर होता. जॅकचा भार एका तळहाताएवढ्या जागी येतो, फरशी मधोमध तडकते आणि स्टँड कलंडतो. चार जागच्या फरश्या उचल, खाली कोबा कर, वर दहा मिलिमीटरची प्लेट. तोवर गाडीखाली शिरायचं नाही, आईला सांगून ठेव.

वेल्डिंगच्या आधी बॅटरी आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) काढ, पेट्रोलची टाकी खाली उतरवून शेडच्या बाहेर ठेव. टाकी रिकामी असली तरी बाहेरच, वाफ जास्त वाईट. ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुततात, पुसून जात नाहीत, उन्हात समोरची काच ठिपक्याठिपक्यांची दिसते. आपल्याकडं चादरीला तोटा आहे का? जुनी सुती चादर ओली करून काचेवर आणि डॅशबोर्डवर टाक. नायलॉन मिसळलेली नको, ती चिकटते.

सरावाला 402 मीटर लागतच नाहीत. साठ फुटांचाच सराव करायचा आहे. सव्वाअठरा मीटर सुटायला आणि थांबायला त्याच्या तिप्पट. ओळखीच्या एखाद्या कारखानदाराचं सिमेंटचं आवार रविवारी सुट्टीला मागून घे, लेखी परवानगीसकट. दोन्ही टोकांना माणूस, अग्निशामक हाताशी, हेल्मेट डोक्यावर. मोबाइलवर चाकाचा व्हिडिओ काढ, चाक कुठं फिरतं आणि कुठं पकडतं ते हळू करून बघ. मग टायरमधली हवा थोडी थोडी बदलत जा. स्टिअरिंग सरळ असल्याशिवाय क्लच सोडायचा नाही, वळलेल्या चाकावर एक्सल आधी जातो.

स्नेहल, पिंपरी

पाइप आणायच्या आधी एक करा. शर्यतीची सीट बसवा, बेल्ट बांधा, हेल्मेट घाला आणि मग दुसऱ्याकडून मुख्य कमानीचं माप घ्यायला लावा. हेल्मेटशिवाय घेतलेलं माप नेहमी कमी पडतं. वाक देताना पाइप चपटा झाला तर तो तुकडा बाजूला टाका, त्याला हातोड्यानं गोल करून वापरू नका. आणि आधी नुसते टॅक (वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके) मारून केज पूर्ण उभा करा, दार बंद होतंय का, सीट मागं-पुढं सरकते का बघा, फोटो इथं टाका. पूर्ण वेल्ड त्यानंतर.

नीलमनगरवाला

टाकतो ताई. कोब्याला गवंडी सोमवारी येतोय. उखळ हलवायची परवानगी अजून मिळालेली नाही.