नकाशा मंजूर झाला, आता लगेच पाया खणायचा का? (सांगली, २ गुंठे)

प्लॉट_सांगली: विश्रामबागेजवळ २ गुंठे, तळमजला अधिक एक. आर्किटेक्टचं स्केच पसंत पडलं, महापालिकेचा नकाशाही मंजूर झाला. ठेकेदार म्हणतो, याच नकाशावर लाईन-आउट (जागेवरची आखणी) टाकू, बाकीचं जागेवर बघू. आर्किटेक्टना वर्किंग ड्रॉइंगसाठी (प्रत्यक्ष बांधायला लागणारे सविस्तर नकाशे) अजून महिना हवाय. एवढं काय काढायचं राहतं?

टी_स्क्वेअर: मंजुरीच्या नकाशात महापालिकेला लागतं तेवढंच असतं: सामासिक अंतर (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा), चटई क्षेत्र, खोल्या, पार्किंग. गवंड्याला लागतं ते त्यात नाही.

तुमचा जिनाच घ्या. मजल्याची उंची १० फूट, म्हणजे १२० इंच. ६ इंची २० रायझर (पायरीची उंची), दहा-दहाचे दोन टप्पे. एका टप्प्यात १० इंची ९ ट्रेड (पाय ठेवायची रुंदी), म्हणजे साडेसात फूट, शिवाय लँडिंगचे (वळणाचा सपाट भाग) ३ फूट. साडेदहा फूट आतून मोकळे लागतात. स्केचमध्ये जिन्याची जागा ९ फुटांची असली तर ठेकेदार जागेवरच रायझर साडेसात इंचांचा करतो, १६ रायझरमध्ये जिना बसवून मोकळा होतो. गुडघे मात्र तुमचे.

संडास-बाथरूमचंही तसंच. पाइपांसाठी तिथला स्लॅब ९ ते १२ इंच खाली घ्यावा लागतो. ते ड्रॉइंगमध्ये नसलं की सेंट्रिंगवाला (स्लॅबखालच्या फळ्या लावणारा) सगळं एका लेव्हलला मारतो, मग बाथरूमची फरशी खोलीपेक्षा वर येते.

काळी_माती: जिना नंतर, आधी जमीन. ट्रायल पिट (माती बघायचा चाचणी खड्डा) घेतलाय का? दोन ठिकाणी, मुरूम लागेपर्यंत. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि त्यासोबत पाया हलतो. मुरूम फार खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगीर, जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब) परवडतात. तेव्हा प्लिंथ बीमखाली (जोत्याच्या पातळीवरची तुळई) ८० मिमी पोकळी सोडायची, म्हणजे फुगलेली माती बीम उचलत नाही. हे स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवणार, ठेकेदार नाही.

सगळ्यात जास्त होणारी चूक: खणलेली काळी मातीच जोत्यात परत ढकलतात, भरावाचे पैसे वाचतात म्हणून. दोन पावसाळ्यांत फरशा उचलतात. जोत्यात मुरूमच हवा, ६-६ इंचांचे थर, पाणी मारून धुम्मसने ठोकलेले.

आणि पूररेषा. निळ्या (नेहमीच्या पुराच्या) आणि लाल (मोठ्या पुराच्या) रेषेच्या मधल्या पट्ट्यात जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर लागतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे, २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. जोतं चढलं की पुढच्या पायऱ्या, गाडीचा रॅम्प सगळं बदलतं. जोत्याची पातळी ड्रॉइंगवर आकड्यात लिहून घ्या.

ओळंबा: सगळ्याच ड्रॉइंगसाठी थांबायला नको. सेंटर लाईन (भिंती-कॉलमच्या मध्यरेषा), पाया, कॉलम आणि ड्रेनेज हातात आलं की खोदाई सुरू करता येते. दारं-खिडक्यांचा तक्ता, विजेचे पॉइंट जोत्याचं काम चालू असताना येऊ देत. फक्त विजेचं ड्रॉइंग स्लॅबच्या आधी हवंच, पाइप सळईबरोबर टाकायचे असतात.

प्लॉट_सांगली: लाईन-आउटला आपण स्वतः काय तपासायचं?

ओळंबा: गुण्या (काटकोन) बघा: कोपऱ्यापासून एका दोरीवर ६ फूट, दुसरीवर ८, तिरकं बरोबर १० यायला हवं. मग पूर्ण आखणीचे दोन्ही कर्ण सारखे. आणि माप कुठून कुठे आहे ते विचारा. सेंटर-टू-सेंटर १० फुटांची खोली ९ इंची भिंतीत ९ फूट ३ इंच होते, प्लास्टरनंतर ९ फूट २. कपाट त्या मापाने सांगा.

टी_स्क्वेअर: त्यात एक जोडतो. कॉलमच्या रिंगांची (उभ्या सळयांभोवतीच्या कड्या) टोकं ९० अंशात दुमडलेली दिसली तर तिथेच थांबवा. १३५ अंशात आत वळवलेली हवीत. कव्हर ब्लॉक (सळईला काँक्रीटच्या कडेपासून आत ठेवणारे ठोकळे) फुटिंगला (कॉलमखालची बैठक) ५० मिमी, कॉलमला ४०, स्लॅबला २०. वाळूचे खडे किंवा फरशीचे तुकडे नकोत.

प्लॉट_सांगली: ठेकेदाराला सोमवारचं खोदकाम थांबवायला सांगितलंय. त्याऐवजी ट्रायल पिट घेतोय.