आधी जुन्या नोंदी धुंडाळा, मगच "हा कोणता पक्षी?" विचारा: खानदेशातल्या पक्षिनिरीक्षकांसाठी हा नियम असावा का?

तापीकाठ:
असावाच. नुसता फोटो टाकायचा आणि खाली "नाव सांगा", यात शिकणं होत नाही. आधी ई-बर्डवर, म्हणजे पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर, 'एक्सप्लोर'मध्ये जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्हा निवडून बार चार्ट उघडा. कुठला पक्षी कोणत्या महिन्यात दिसला ते हिरव्या पट्ट्यांवरून कळतं. मग फोटो मर्लिन या पक्षी ओळखणाऱ्या ॲपमध्ये घाला, पण ठिकाण आणि तारीख बरोबर भरा, नाहीतर भलत्याच मुलखातले पक्षी सुचवले जातात. त्यानंतर व्हॉट्सॲप गटात सुचलेलं नाव शोधा. एवढं करूनही अडलं तर जरूर विचारा.

साक्रीकरीण:
भाऊ, नियमाला माझा ठाम विरोध. गटात नव्याने आलेल्याला जुने संदेश सहसा दिसतच नाहीत, तो शोधणार काय? ओळी न लिहिता टाकलेले फोटो शोधात येत नाहीत. 'शिंजीर' हे फुलातला मध पिणाऱ्या चिमुकल्या पक्ष्याचं नाव कोणी ऱ्हस्व लिहितो, कोणी दीर्घ, आणि शोध अक्षर न् अक्षर जुळवतो. शिवाय नाव ठाऊक नाही म्हणून तर माणूस विचारतो! विणीचा हंगाम संपला की जांभळ्या शिंजीराचा नर खालून पिवळा दिसतो, गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध गडद रेघ. नवखा 'जांभळा' हा शब्द शोधेल तरी कशाला?

आणि बार चार्ट रिकामा म्हणजे पक्षी नाही, असं मुळीच नाही. आपल्याकडच्या कितीतरी भागांत नोंदी करणारेच कमी आहेत.

तापीकाठ:
रिकाम्या पट्टीचं मान्य. स्पेलिंगवर मात्र उपाय आहे: शास्त्रीय नाव रोमन लिपीत, दुहेरी अवतरणात घालून गुगलवर शोधा.

शहादेकर:
शास्त्रीय नावंही बदलतात. रानपिंगळा, म्हणजे जंगलातलं छोटं घुबड, जुन्या लेखनात हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी आहे, आता अथेने ब्लेविटी. एकच नाव शोधलंत तर निम्मं साहित्य हाती लागणार नाही.

याच पक्ष्याचा इतिहास दोघांनीही लक्षात घ्यावा. १८८४ नंतर त्याचा खात्रीलायक पुरावा नव्हता. १९१४ सालचा म्हणून एक नमुना, म्हणजे जतन केलेला मृत पक्षी, होता, गुजरातचा, माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षिसंग्राहकाच्या संग्रहातला. तो चोरून खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. ती नोंद बाजूला ठेवून पामेला रासमुसेन आणि बेन किंग या पक्षितज्ज्ञांनी एकोणिसाव्या शतकातल्या खऱ्या नमुन्यांची ठिकाणं धरली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या शहाद्याजवळ रानपिंगळा सापडला. तेव्हा जुनं शोधायचंच, पण प्रत्येक नोंदीला विचारायचं: कोणी पाहिलं, कुठे, कधी, फोटो किंवा नमुना आहे का? गटात कोणी "रानपिंगळा" असं उत्तर दिलं म्हणजे तो पुरावा होत नाही.

साक्रीकरीण:
सर, म्हणूनच तर विचारू द्या म्हणते. जुनं चुकीचं उत्तर शोधून त्यावर विसंबण्यापेक्षा ताजा प्रश्न बरा. साधा पिंगळा रानपिंगळा म्हणून खपतो, तो उत्तर देणाऱ्यांच्या घाईमुळे. साध्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळपास बिनठिपक्यांचं, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा. समोरून काढलेल्या एका फोटोत हे सगळं मावत नाही.

तापीकाठ:
मग प्रश्नाला तरी अट घालू. तालुका, तारीख, वेळ. शेत, पाणथळ की सागाचं जंगल. आकार चिमणी, मैना की कावळ्याएवढा. फोटो न कापलेला, शक्य तर पाठ आणि शेपटी दिसणारा. आणि "मला अमुक वाटतो, कारण…" ही एक ओळ.

साक्रीकरीण:
शेवटची ओळ ऐच्छिक ठेवा, बाकी मंजूर. पहिल्यांदा दुर्बीण हातात घेतलेल्या मुलाला कारण कुठून सुचणार?

शहादेकर:
अजून एक अट माझ्याकडून. घुबडाचा प्रश्न असेल तर तालुक्यापुढे जाऊ नका. झाड, ढोली, नकाशावरची खूण गटात नको. घरट्याशी गर्दी झाली की पक्षी ते सोडून जाऊ शकतात.

तापीकाठ:
ही अट आजपासूनच. शोधाच्या नियमावर मी अजून ठाम आहे, ताई.