मदत हवी आहे: घरी इमूची अंडी उबवतेय, वजन हवं तसं उतरत नाहीये

नमस्कार मंडळी. आत्तापर्यंत इथे वाचनमात्रच होते, पण आता अडलंय म्हणून धागा काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

तर झालंय असं की आमच्या मामेसासऱ्यांचा दौंडकडे इमू फार्म होता. त्या काळात सगळ्यांनीच काढले होते ना तसाच, तेल विकलं जाईल मांस विकलं जाईल म्हणून जोड्या गळ्यात मारल्या गेल्या, मग २०१२ ला तिकडे तामिळनाडूत पेरुंदुराईचा इमू गुंतवणुकीचा घोटाळा बाहेर आला आणि आपल्याकडेही घ्यायला कुत्रं फिरकेना. बाकीचे पक्षी त्यांनी कसेबसे देऊन टाकले, एक जोडी मात्र ठेवली कारण मामींचा जीव जडला होता. मादी अजूनही दर हिवाळ्यात अंडी घालते, त्यातली काही शोकेसमध्ये जातात, बाकीची ऑम्लेटला. यावर्षी त्यातली चार मी मागून आणली.

धायरीत फ्लॅट आहे, मागच्या बेडरूममध्ये इनक्युबेटर घरीच जुळवलाय. मासेवाल्याकडचं थर्मोकोलचं मोठं खोकं, ४० वॅटचे दोन बल्ब, कॉम्प्युटरचा जुना फॅन आणि बुधवार पेठेतून आणलेला डिजिटल थर्मोस्टॅट. तापमान ३६.२ ला लावलंय, तिथेच राहतं. आत पाण्याची वाटी आहे, आर्द्रता ५५ च्या आसपास दाखवतंय. अंडी दिवसातून पाच वेळा फिरवते, एका बाजूला पांढऱ्या खडूने फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढलाय (पेन्सिल त्या काळपट हिरव्या दाणेदार कवचावर दिसतच नाही).

आता प्रॉब्लेम. कोंबडीच्या अंड्याला टॉर्च लावला की आतलं दिसतं, इथे गच्च अंधार, मोबाईलचा टॉर्च, बॅटरी, सगळं करून झालं. मग आत काही जिवंत आहे का कळणार कसं? दुसरं म्हणजे अंडं उबताना वजन कमी व्हायला पाहिजे असं वाचलं म्हणून किचनच्या काट्यावर दर आठवड्याला वजन करतेय. पहिलं अंडं ६१२ ग्रॅम होतं, आता पाच आठवडे होत आले तरी ५८३ वरच आहे, बाकीच्या तिघांचंही तेच रडगाणं. हे बरोबर आहे का? आणि तिसरं, दर गुरुवारी आमच्याकडे लाईट जाते, कधी तासभर कधी तीन तास, इन्व्हर्टरवर बल्ब चालवले तर घरातले पंखे बंद ठेवावे लागतात आणि सासूबाईंचा पारा चढतो. पिल्लं निघाली तर थोडी मोठी होईपर्यंत इथेच, नंतर पाबळजवळ माहेरचं शेत आहे तिकडे नेणार. खाद्य काय द्यायचं, जागा किती लागते, काहीही सांगा.

काडीपैलवान: ताई, १९३२ साली ऑस्ट्रेलियात सैन्याने दोन लुईस मशीनगन घेऊन इमूंवर मोहीम काढली होती आणि शेवटी हात हलवत परत आले. तुमच्या सोसायटीचा चेअरमन किती वेळ टिकेल? (हलकेच घ्या.) पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पक्षीवेडी: वाचतेय. मला वाटायचं अंडी मादीच उबवते, पण इमूत बाबा बसतो म्हणे, जवळजवळ आठ आठवडे, आणि तेवढ्यात खाणंपिणं नावालाच. तुमच्याकडचा बाबा अंड्यांवर बसत नाही का? बसत असेल तर एवढा उपद्व्याप कशाला?

धागाकर्ती: बसायला बघतो, पण त्यांच्या शेडच्या बाजूने आता रस्ता गेलाय, डंपर गेला की उठून पळतो. म्हणून तर आणली.

निवृत्त_पशुवैद्य: तुमची वजनं वाचून लिहायला घेतलं. पाण्याची वाटी आजच काढा. इमूच्या अंड्याचं वजन पूर्ण काळात साधारण १५ टक्के उतरावं लागतं, म्हणजे ६१२ चं अंडं पिल्लू निघायच्या वेळी ५२० च्या आसपास यायला हवं. काळ धरा ५० दिवसांचा, एखाददोन दिवस मागेपुढे. म्हणजे आत्ता ते ५५० च्या जवळ असायला हवं होतं, तुमचं ५८३ आहे. आतलं पाणी बाहेर जात नाहीये. अशी पिल्लं आत सुजतात, जड होतात, कवच फोडताना त्यांना वळायला जागा उरत नाही आणि शेवटच्या दिवशी गुदमरतात. लोक म्हणतात अंडी खराब होती, अंड्यांना काय धाड भरलेली असते, आर्द्रता नडते. कोंबडीचं डोकं इमूला लावलं की हे होतं.

आर्द्रता ३० च्या आसपास आणा. आत्ता पुण्यात दुपारी हवा तशीही कोरडी असते, त्यामुळे खोक्याची भोकं मोठी केली तर निम्मं काम होईल. पहाटे हवा दमट होते, तेव्हा सिलिका जेल कापडाच्या पुरचुंडीत बांधून आत टाका, निळं असतं ते गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर तापवून परत वापरा. तो तवा नंतर स्वयंपाकाला नको. तापमान तुमचं ठीक आहे, ते हलवू नका, वजन उतरवायच्या नादात उष्णता वाढवाल तर पिल्लू हातचं जाईल.

टॉर्चचं विसरा, हे कवच फार गडद असतं. सहावा आठवडा संपत आला की अंडं सपाट काचेवर किंवा ताटात ठेवा, हलणं थांबू द्या आणि जवळ तोंड नेऊन शीळ घाला. आत पिल्लू असेल तर अंडं हळूच डोलतं. कधी लगेच, कधी मिनिटभराने. एकदा नाही हललं म्हणून फेकायचं नाही, दुसऱ्या दिवशी परत बघा. घाण वास येत असेल किंवा कवचातून काही झिरपत असेल तर मात्र लगेच बाहेर काढा, आत फुटलं तर चारही जातील.

लाईटचं टेन्शन घेऊ नका. एवढ्या मोठ्या अंड्यात ऊब टिकते आणि आता आतलं पिल्लूही स्वतःची उष्णता तयार करतंय. झाकण उघडायचं नाही, वरून गोधडी टाकायची. दोन तासांच्या वर गेली तरच गरम पाण्याच्या बाटल्या, त्याही अंड्याला न चिकटवता.

मांजरीकर: डॉक्टरसाहेबांना +१. खाद्याबद्दल मी सांगतो, आमच्याकडे पाळले होते. पहिले दोन-तीन दिवस काही खात नाहीत, पोटात बलक असतो, त्यामुळे कोंबायला जाऊ नका. नंतर लेयरच्या (अंड्यावरच्या कोंबड्यांच्या) पिल्लांचं चिक स्टार्टर, वीस टक्क्यांच्या आसपास प्रोटीनवालं. ब्रॉयलरचं नको, त्याने अंग वाढतं आणि पाय मागे राहतात, मग पाय वाकडे होतात आणि वाकडा पाय झालेला इमू म्हणजे संपलंच. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेयर खाद्यही नको, त्यात कॅल्शियम फार. बॅगेवर औषधं कुठली घातलीत ते वाचा, मोनेन्सिन असेल तर परत ठेवा, शहामृगाला ते विषारी आहे तेव्हा इमूवर प्रयोग कशाला. सोबत लसूणघास बारीक चिरून.

आणि फरशी!! फ्लॅटमध्ये ठेवणार म्हणताय, तर टाइल्सवर एक मिनिटही सोडू नका. पेपर अंथरला तरी घसरतात, पाय दोन्ही बाजूंना फाकतात. रबरी मॅट नाहीतर जुनं खरखरीत कार्पेट. फाकलेच तर पहिल्या एक-दोन दिवसांतच दोन्ही पायांना मऊ बँडेज बांधून मध्ये नेहमीइतकं अंतर ठेवायचं, आठवड्याने बांधून उपयोग नाही. रोज फिरवायचं, भरपूर पळवायचं, पॅसेजमध्ये पळवा नाहीतर पार्किंगमध्ये. खिळे, स्क्रू, वायरचे तुकडे, चमकणारं काहीही गिळतात. थर्मोस्टॅट जुळवताना सांडलेलं सोल्डर वगैरे आधी झाडून काढा.

शिरूरकर: पाबळला शेत म्हणताय म्हणून लिहितो. आमच्या पट्ट्यात बिबट्या आहे हे माहेरच्यांनी सांगितलं असेलच. ऊस लागून असेल तर रात्री बंदिस्त शेड पाहिजेच, वरून जाळीसकट. दिवसा मोकळं सोडायला सहा फुटी चेनलिंक जाळी, खाली कुत्री उकरून येणार नाहीत अशी. काटेरी तार अजिबात नको, घाबरला की सरळ जाऊन धडकतो. पूर्ण वाढलेला पक्षी माणसाएवढा उंच, ४० किलोच्या आसपास, तासाला पन्नास किलोमीटरच्या जवळ पळतो आणि पुढच्या बाजूला लाथ मारतो. वीस वर्षं जगू शकतो. फोटोतली पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं तीन-चार महिन्यांत पट्टे टाकतात, हौसही बऱ्याच जणांची तेव्हाच संपते. तुमची तशी नसावी, मामींकडे बघून म्हणतो.

आणि जरा अवांतर, एकच पिल्लू निघालं तर काय करणार? एकटं ठेवलं तर दिवसभर शीळ घालत तुमच्या मागे फिरेल.

धागाकर्ती: सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलंच नव्हतं. वाटी काढली, भोकं मोठी केली, आर्द्रता आता ३२ ते ३५ मध्ये आहे. सिलिका जेल ऑनलाइन मागवलंय. सासूबाईंनी गोधडी दिली, पंख्यापेक्षा गोधडी बरी म्हणाल्या. एकच निघालं तर थेट मामींकडे सोडेन, मोठी जोडी त्याला जवळ घेईल का?

डॉक्टर, अजून दोन शंका. उरलेल्या दिवसांत वजन ५२० पर्यंत नाही पोचलं तर? आणि कवचाला तडा गेल्यावर पिल्लू अडकलंय असं वाटलं तर मी फोडू का?

निवृत्त_पशुवैद्य: ५२० नाही झालं आणि ५४० झालं तरी आशा आहे, नेम एवढा काटेकोर नसतो. शेवटचे तीन-चार दिवस फिरवणं थांबवा. तडा गेला की आर्द्रता थोडी वाढवा, नाहीतर आतला पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटतो. तडा दिसल्यापासून एक दिवस तरी हात लावू नका. आत रक्तवाहिन्या अजून चालू असतात, बलक पोटात ओढला गेलेला नसतो, घाईने फोडलं तर रक्त जाऊन मरतं. अंड्यातल्या हवेच्या पोकळीच्या बाजूला लहानसं भोक करून श्वासाची सोय करता येते, त्यापुढे नाही. निघाल्यावर बेंबीला पोव्हिडोन आयोडीन लावा, पूर्ण सुकेपर्यंत आतच राहू द्या, मग पहिला आठवडा ३२ अंशांच्या आसपास ऊब आणि दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी.

मोठ्या जोडीत लगेच सोडू नका. नर अंड्यांवर बसलेला असेल तरच तो परकं पिल्लू घेण्याची शक्यता, मादी बऱ्याचदा हाकलते किंवा मारते. मध्ये जाळी ठेवून आठवडाभर नुसतं दिसू द्या. आणि पायाचं काही वाटलं तर वाट न बघता शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात घेऊन जा, धायरीहून सरळ हायवे आहे. जाताना खोक्यात खाली मॅट टाकायला विसरू नका, गाडीतही घसरतात.