मदत हवी आहे: ल्युपस असलेल्या बहिणीच्या मेंदूला सूज आली होती (प्रेस, PRES नावाचा त्रास)

नमस्कार मंडळी, यवतमाळ जिल्ह्यातल्या गावातून लिहून राह्यलो. माह्या लहान बहिणीले ल्युपस आहे (शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटते तो आजार), किडनीवर पण असर आहे. मागच्या आठवड्यात सकाळपासून तिचं डोकं ठणकत होतं, मग म्हणे दादा मले दिसूनच नाही राह्यलं, समोर धरलेला चहाचा कप चाचपडत घेतला अन् तेवढ्यात झटका आला. बीपी २१०/१२०! शेजारचे म्हणत होते बाहेरचं आहे, पण आम्ही सरळ नागपूरले नेलं. एमआरआयमध्ये मेंदूच्या मागच्या भागात सूज निघाली, डॉक्टर म्हणाले प्रेस आहे (बीपी लई वाढल्यानं किंवा काही औषधांनं मेंदूले येणारी सूज), बीपी एकदम नाही, हळूहळू उतरवावं लागते, बहुतेकांची सूज काही दिवस-आठवड्यांत उतरते. नजर परत आली, देवाची कृपा.

आता किडनीसाठी सायक्लोफॉस्फामाइड (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) सुरू करायचं म्हणतात, पण त्यानंही प्रेस होऊ शकते हे डॉक्टरनंच सांगितलं, म्हणून जीव घाबरते. कोणाच्या घरी असं झालं असन तर पुढे कोणतं औषध दिलं, फिटची गोळी किती महिने चालली, परत झटका आला का? अन् घरी बीपी मोजाले दंडावरचं मशीन कोणतं घेऊ? गावात रात्री डॉक्टर नसते, प्लीज लवकर सांगा.